३९९चा प्लॅन आणि बी विंगची गच्ची

सोमवार, ३१ ऑगस्ट २०२०

मंदार, बी-४०३: जिओफायबरचे, म्हणजे जिओच्या घरच्या इंटरनेटचे, नवे दर आले. उद्यापासून लागू. महिना ३९९ला ३० एमबीपीएस वेग, ६९९ला १००, ९९९ला १५०, १४९९ला ३००. सगळे अनलिमिटेड, आणि नव्या गिऱ्हाइकाला ३० दिवस फुकट. कमिटीने आता तरी मनावर घ्यावं 🙏

पाटील काका, बी-१०१: ३९९ नाही, ४७१. अठरा टक्के जीएसटी कोण भरणार? ६९९चे ८२५ होतात, ९९९चे ११७९.

अमृता, ए-३०४: काका, ४७१ तर ४७१. मी आत्ता केबलवाल्याला ८५० मोजते आणि आज गणिताच्या तासाला बाई तोंड उघडं ठेवून दहा मिनिटं थिजल्या होत्या. आमचे चिरंजीव म्हणतात, आई, बाईंची जांभई संपेचना.

निखिल, सी-५०२: 😂😂

अमृता, ए-३०४: हसू नकोस. तुझा गेम चालू असला की हे होतं.

निखिल, सी-५०२: ताई, शप्पथ, गेमला डेटा फार लागतच नाही. माझाच पिंग, म्हणजे समोरून उत्तर यायला लागणारा वेळ, रात्री ३०० मिलिसेकंदांच्या वर जातो. आठ वाजले की अख्खं डोंबिवली एका नळावर पाणी भरतंय असं वाटतं.

शिंदे काकू, ए-२०२: अनलिमिटेड म्हणजे खरंच का रे मंदार? मागे ६९९वाल्याला मर्यादा होती ना?

मंदार, बी-४०३: होती काकू. गेल्या वर्षी सप्टेंबरात आले तेव्हा ६९९ला १०० जीबी, सुरुवातीचे काही महिने वर ५० जादा. ते संपलं की वेग थेट १ एमबीपीएस. तेव्हा म्हणूनच मी ग्रुपवर विषय काढला नव्हता. आता ती भानगड नाही. शिवाय अपलोडचा वेग डाउनलोडइतकाच देणार म्हणतात.

शिंदे काकू, ए-२०२: त्याने काय होतं?

मंदार, बी-४०३: तुम्हाला समोरचा दिसतो तो डाउनलोड. तुम्ही समोरच्याला दिसता तो अपलोड. माझ्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांना नीट ऐकतो, पण माझा आवाज विहिरीतून येतो. का? तर ४० एमबीपीएस घेतलंय आणि वर जायला दोनसुद्धा मिळत नाहीत.

सावंत, सेक्रेटरी: चर्चा चालू द्या. पण उद्या अनंत चतुर्दशी आहे. विसर्जनाची वेळ ठरवून दिली आहे, प्रत्येक घरातून दोघेच खाली, मास्क लावून. तो मेसेज वर गेला, कुणी वाचला नाही.

मंगळवार, १ सप्टेंबर

पाटील काका, बी-१०१: रात्री अटी वाचल्या. अनलिमिटेडला कुंपण आहे. महिन्याला ३३०० जीबी.

निखिल, सी-५०२: काका 🙏 ते आख्खी सोसायटी मिळून संपवणार नाही.

पाटील काका, बी-१०१: आकडा असला की अनलिमिटेड म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं.

मंदार, बी-४०३: मुद्दा बरोबर आहे. पण हिशेब करा. ३३०० म्हणजे दिवसाला ११० जीबी. ३०च्या प्लॅनवर रोज सलग आठ तास पूर्ण वेगाने ओढत बसलात तर महिनाअखेरीला संपेल. चौघं दिवसभर कॅमेरा लावून बसले तरी तिथवर पोचणार नाहीत.

अमृता, ए-३०४: मग आम्हाला ३० पुरेल? दोन मुलं, आमचे हे आणि मी.

मंदार, बी-४०३: एका व्हिडिओ कॉलला फार तर तीन एमबीपीएस धरा. चौघांचे बारा. खरोखरचे ३० आले तर पुरून उरतील. १५०ची हौस वाटते ती सिनेमांच्या ॲपमुळे. ती ३९९ आणि ६९९मध्ये नाहीत, ९९९पासून सुरू. नेटफ्लिक्स तर १४९९लाच.

निखिल, सी-५०२: आयपीएल १९ तारखेपासून. हॉटस्टार ९९९मध्ये आहे. मी काही बोलत नाही.

शिंदे काकू, ए-२०२: ज्याचं पोट पोळीभाजीने भरतं त्याला थाळी कशाला. मला नातवाला बघायचंय, सिनेमे नकोत.

सावंत, सेक्रेटरी: मुद्द्याचं बोलतो. यांची वायर बिल्डिंगमध्ये आणायची तर डक्टला ड्रिल मारावं लागणार. गेल्या वर्षी गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं, त्याची पाच वर्षांची गॅरंटी आहे. कुणीही उठून भोक पाडलं की ती गेली.

मंदार, बी-४०३: सावंत साहेब, गच्चीवर आत्ता काय आहे ते एकदा वर जाऊन बघा. बी विंगच्या टाकीखाली केबलवाल्याचा स्विच आहे, म्हणजे नेट घराघरांत वाटणारं यंत्र. पत्र्याच्या डब्यात ठेवलाय, वर दुधाच्या कापलेल्या पिशव्या सुतळीने बांधल्यात, आणि तिथून सगळ्या विंगांना वायरी कपडे वाळत घातल्यासारख्या गेल्यात. पाऊस आला की पिशव्या फुगतात आणि आपलं नेट बसतं. लाइट गेली तर स्विचही जातो, घरात इन्व्हर्टर असून उपयोग शून्य. फायबरचं तसं नसतं. बिल्डिंगमधल्या स्प्लिटरला, म्हणजे एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या डबीला, वीजच लागत नाही, घरातली पेटी चालू असली की झालं.

पाटील काका, बी-१०१: एक मिनिट. तो स्विच कुठल्या मीटरवर आहे?

मंदार, बी-४०३: जिन्याच्या दिव्याच्या पॉइंटवरून वायर घेतली आहे.

पाटील काका, बी-१०१: म्हणजे कॉमन मीटर.

पाटील काका, बी-१०१: म्हणजे आपण.

पाटील काका, बी-१०१: सावंत, हे किती वर्षं चाललंय?

सावंत, सेक्रेटरी: आधीच्या कमिटीच्या काळापासून.

पाटील काका, बी-१०१: आधीच्या कमिटीत खजिनदार मी होतो.

निखिल, सी-५०२: 🤐

शिंदे काकू, ए-२०२: जाऊ दे आता. सणाचा दिवस आहे. आरतीला खाली या.

सोमवार, ७ सप्टेंबर

मंदार, बी-४०३: काल एअरटेलनेही दर पाडले. ४९९ला ४०, ७९९ला १००, ९९९ला २००. म्हणजे आता निदान दोघांना विचारता येईल. माझं मत स्पष्ट सांगतो, १०० रुपये इकडेतिकडे याने काही फरक पडत नाही. बिघडलं तर कोण किती वेळात येतो ते आधी लिहून घ्या. लोकल आपल्यासाठी बंद आहे, ऑफिस घरातच आहे, नेट गेलं की हजेरी गेली.

अमृता, ए-३०४: केबलवाल्याचा मेसेज आलाय आत्ता. "मॅडम, तुमचा प्लॅन अपग्रेड केला आहे, ५०० मध्ये ५० एमबीपीएस."

मंदार, बी-४०३: मलाही. जूनमध्ये मी त्याला दर कमी कर म्हटलं तर म्हणाला, साहेब, परवडत नाही.

निखिल, सी-५०२: आता अचानक परवडलं 😂

शिंदे काकू, ए-२०२: मुलगा वाईट नाही तो. लॉकडाउनमध्ये माझी औषधं आणून दिली होती. पण बाई थिजतात ते थिजतातच ना.

पाटील काका, बी-१०१: त्याला ठेवायचं असेल तर ठेवा. सबमीटर लावून.

सावंत, सेक्रेटरी: ठरलं ते लिहितो. दोन्ही कंपन्यांना पत्र जाईल. वायर जिन्याच्या डक्टमधूनच, गच्चीच्या स्लॅबला हात लावायचा नाही. भोक पाडलं तर बुजवून द्यायचं, त्यासाठी डिपॉझिट आधी. एकाच कंपनीला बिल्डिंग बांधून द्यायची नाही, हे पाटील साहेबांचं म्हणणं मान्य. ज्यांना कनेक्शन हवं त्यांनी फ्लॅट नंबर टाका.

अमृता, ए-३०४: ए-३०४

मंदार, बी-४०३: बी-४०३

निखिल, सी-५०२: सी-५०२, पण पप्पांना ९९९चं कुणीतरी समजावा

शिंदे काकू, ए-२०२: माझं बीएसएनएलचं लँडलाइन बंद नाही ना होणार? नंबर १९९४चा आहे.

मंदार, बी-४०३: नाही काकू, ते वेगळं. तुमचं नाव घालू का?

शिंदे काकू, ए-२०२: घाल. ३९९वालं.

पाटील काका, बी-१०१: ४७१.

सावंत, सेक्रेटरी: ड्रिलचं काम जेव्हा होईल तेव्हा दुपारी दोननंतरच. सकाळी मुलांच्या शाळा आहेत.