सोसायटी ग्रुप: शोकेसमध्ये कुठले स्पीकर बसतील?

निखिल (बी-५०३): नमस्कार मंडळी. बाबांचा जुना स्टीरिओ अँप्लिफायर माळ्यावरून काढून दुरुस्त करून घेतला, छान चालतोय. त्याच्या स्पीकरचे कोन, म्हणजे आतले थरथरणारे पडदे, मात्र फाटलेत. नवीन पॅसिव्ह (बाहेरच्या अँपवर चालणारी) बुकशेल्फ, म्हणजे छोट्या स्पीकरची, जोडी घ्यायची आहे. तीन नावं काढलीत: वार्फडेल डायमंड १२.१, केईएफ क्यू१५० आणि एलॅक डेब्यू २.० बी५.२. ऐकणं जास्त करून शास्त्रीय, बाबांसाठी नाट्यगीतं आणि जुनी भावगीतं. कुणाला अनुभव?

महाजन (ए-४०१): साउंडबार घे. एक वायर, विषय संपला.

निखिल (बी-५०३): काका, अँप घरात आहे ना. साउंडबारला तो लागतच नाही, मग दुरुस्ती कशाला केली?

महाजन (ए-४०१): मग ब्लूटूथवाले घे. अँप विकून टाक.

आपटे काका (ए-१०२): महाजन, त्याने तिघांतलं कुठलं ते विचारलंय. दुसरं काय घेऊ, हे विचारलेलं नाही.

आपटे काका (ए-१०२): निखिल, स्पीकर ठेवणार कुठे ते आधी सांग. मॉडेल नंतर.

निखिल (बी-५०३): शोकेसमध्ये, टीव्हीच्या दोन्ही बाजूंच्या खणात. खण एक फूट खोल आहे.

आपटे काका (ए-१०२): मग टेप घे आणि माप. केईएफ खोलीला जवळजवळ २८ सेंटिमीटर. तुझा खण ३०. मागे उरले दोन सेंटिमीटर, त्यातच वायरचे पिन. शिवाय त्याचं पोर्ट मागे. डायमंडचंही मागेच. एलॅकचं तेवढं पुढे, खालच्या बाजूला आडवी फट आहे.

देशपांडे काकू (बी-३०१): पोर्ट म्हणजे?

आपटे काका (ए-१०२): डब्याला ठेवलेलं भोक. कोनच्या मागची हवा त्यातून बाहेर येते आणि खालच्या स्वरांना जोर देते. त्या भोकाला भिंत चिकटली आणि वर तिन्ही बाजूंनी फळ्या आल्या की ठरावीक खालचे स्वर फुगतात. रेडिओत आयुष्य गेलं माझं. चांगल्या स्पीकरची वाट लागते ती बहुतेक वेळा ठेवण्याच्या जागेमुळे, आणि लोक कंपनीला शिव्या घालतात.

सायली (ए-३०४): काका, तरी केईएफला एक संधी द्या ना. त्यात ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) वूफरच्या (खालच्या स्वरांच्या मोठ्या स्पीकरच्या) बरोबर मध्यभागी असतो, युनि-क्यू म्हणतात त्याला. १९८८ पासून बनवतात. सगळे स्वर एकाच बिंदूतून येतात, त्यामुळे सोफ्याच्या कडेला बसलेल्यालाही गाणं नीट लागतं. नाहीतर स्टीरिओ म्हणजे मधल्या माणसाची चैन. आणि क्यू सिरीजची नवी पिढी २०२४ मध्ये आली आहे, त्यामुळे १५० वर सूट मिळू शकेल. निखिल, स्टँडवर ठेव, भिंतीपासून फूटभर पुढे. ट्वीटर कानाच्या उंचीला.

निखिल (बी-५०३): स्टँडला आईची सक्त मनाई. गणपती तिथेच बसतात, आणि पुतण्या हल्ली धरून धरून उभा राहतोय. स्टँड धरूनच उभा राहील.

सायली (ए-३०४): मग राहिलं. पण मन दुखलं माझं.

शिंदे, सेक्रेटरी: उद्या टाकी धुणार आहेत. सकाळी १० ते १ पाणी बंद. पाणी भरून ठेवावे. इतर मेसेज कमी करावेत.

महाजन (ए-४०१): माझा भाचा अमेरिकेहून येतोय. तिकडे हे सगळं स्वस्त. त्याला सांगू का?

आपटे काका (ए-१०२): स्पीकर आणायला हरकत नाही, त्यांना प्लगच नसतो, विजेचा प्रश्न येत नाही. अँप मात्र चुकून आणू नका. तिकडचा १२० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० वर धूर काढेल. पण जोडीचं वजन दहा किलोच्या वर जातं. भाच्याला विचारा, बॅगेत आईसाठी काही ठेवायचंय का.

महाजन (ए-४०१): राहू दे.

रानडे काकू (बी-२०१): दुपारचा क्लास संपला, आता वाचलं सगळं. निखिल, दुकानात जाशील तेव्हा गाणं तुझं तू घेऊन जा. दुकानदार सिनेमातलं काहीतरी धडाड लावतो, त्यावर सगळेच स्पीकर भारी वाटतात. दोन गोष्टी ऐक.

पहिली, नुसता तानपुरा. गायक काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) गात असेल तर मध्य षड्ज, म्हणजे मधला सा, साधारण १३९ हर्ट्झ, म्हणजे खर्जाची, खालच्या सा ची, तार त्याच्या निम्मी, ६९ च्या आसपास. आता तुझी यादी बघ. डायमंडवाले खाली ६५ हर्ट्झपर्यंत सांगतात, केईएफ ५१, एलॅक ४६. म्हणजे कागदावर खर्ज तिघांतही आहे, डायमंडमध्ये जेमतेम. पण खर्ज आपल्याला कळतो तो जवारीमुळे (घोडीवर तार झणझणते त्यामुळे) वर जे स्वयंभू स्वर आपोआप उमटतात त्यांच्यावरून. खर्जातून स्वयंभू गंधार वेगळा ऐकू आला पाहिजे. तो दबला तर तो स्पीकर आपल्या कामाचा नाही, मग खाली कितीही जाऊ दे.

दुसरी, विलंबित एकताल, साधा ठेका. डग्ग्यावर मनगट घासत ‘गे’ची मींड काढतात ना, ती सलग सरकायला हवी. मध्येच एका जागी स्वर फुगून पुढे गप्प झाला, तर तो तबलजीचा दोष नसतो.

आपटे काका (ए-१०२): वा. मी मघाशी फुगतं म्हणालो ते हेच. मोजायला यंत्र नको, डग्गा पुरे.

रानडे काकू (बी-२०१): आणि हो, सवाई गंधर्व महोत्सवात मुकुंदनगरच्या मैदानावर जो नाद अंगावर येतो तो या डब्यांकडून मागू नकोस. पाच इंची वूफर आहे तो.

निखिल (बी-५०३): काकू, कमाल! काका, अँप ३० वॅटचा आहे, पुरेल ना? डायमंडची सेन्सिटिव्हिटी (ठरावीक विजेवर किती आवाज होतो तो आकडा) ८८ डेसिबल आहे, बाकी दोघांची ८६.

आपटे काका (ए-१०२): दोन डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजाला साधारण दीडपट ताकद. तुझा सोफा तीन मीटरवर धर. एका वॅटमध्येच माणसांच्या बोलण्यापेक्षा मोठा आवाज होईल. तीस पुष्कळ झाले. शिवाय हे आकडे २.८३ व्होल्टवर मोजतात. स्पीकरचा विद्युतरोध ८ ओम असेल तर तो एक वॅट होतो, ६ ओमला त्याहून जास्त. म्हणजे कमी ओमच्या स्पीकरचा आकडा आयताच थोडा चढतो. मला काळजी वॅटची नाही, ओमची आहे; ओम कमी तितका अँपवर ताण जास्त. एलॅक ६ ओमचा. केईएफवर ८ छापलंय, पण काही स्वरांना तो ३.७ पर्यंत उतरतो, कंपनी स्वतःच सांगते. अँपच्या मागे काय लिहिलंय?

निखिल (बी-५०३): फोटो टाकतो. “८ ते १६ ओम” दिसतंय. म्हणजे एलॅक बाद?

आपटे काका (ए-१०२): फोटो अंधारात काढलाय. टॉर्च लावून त्याच्या वरची ओळ वाच.

निखिल (बी-५०३): वर आहे: “ए किंवा बी, ४ ते १६”. आणि खालच्या ओळीत “ए + बी” असं आहे आधी, ते कापलं गेलं होतं.

आपटे काका (ए-१०२): झालं तर. ८ ची अट दोन जोड्या एकदम लावल्या तरची आहे. तू एकच जोडी लावणार. बटण ‘ए’ वर ठेव आणि ‘बी’ला कुणाला हात लावू देऊ नकोस. आवाज फाटेपर्यंत मात्र चढवायचा नाही. मोठ्या अँपपेक्षा दमलेला छोटा अँप ट्वीटर लवकर जाळतो.

कदम (बी-५०४): निखिल, शोकेस कुठल्या भिंतीला आहे? पलीकडे आमची बेडरूम आहे.

निखिल (बी-५०३): त्याच भिंतीला, दादा. रात्री लावणार नाही.

कदम (बी-५०४): रात्री १० नंतर निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे, २००० सालचे नियम आहेत. माहिती असावी म्हणून सांगतो.

सायली (ए-३०४): दादा, गणपतीत तुमच्याच खालच्या मजल्यावर ढोलाचा सराव चालतो...

कदम (बी-५०४): तो मंडळाचा.

आपटे काका (ए-१०२): निखिल, स्पीकरखाली रबराचे जाड तुकडे ठेव. शोकेस थरथरली की भिंतही थरथरते. आणि डबा खणात आत ढकलू नकोस, पुढची कड फळीच्या कडेला आण, नाहीतर फळीवरून आवाज परततो.

निखिल (बी-५०३): आज जाऊन ऐकून आलो. काकूंचा तानपुरा आणि डग्गा दोन्ही लावले. केईएफवर बंदिशीचे शब्द सगळ्यांत स्वच्छ, सायली, तुझं खरं आहे. मग दुकानदाराला म्हटलं, आता हा भिंतीला टेकवून रॅकमध्ये ठेवा. त्याने कपाळाला आठ्या घातल्या पण ठेवला. ‘गे’ एका जागी असा फुगला की बाबाही म्हणाले, हे काय? डायमंड तिथेच ठेवला तर थोडं कमी, पण तेच. एलॅकवर मींड सरळ गेली. आवाज केईएफइतका खुला नाही, स्वयंभू गंधार मात्र ऐकू आला. एलॅक ठरला.

सायली (ए-३०४): पुतण्या मोठा झाला की केईएफ आण. मी आठवण करीन.

रानडे काकू (बी-२०१): रविवारी यायचं का ऐकायला? मुलींनाही आणते.

निखिल (बी-५०३): नक्की या काकू. काका, वायर कुठली? तपकीर गल्लीतून आणतो.

आपटे काका (ए-१०२): साधी तांब्याची, १६ गेज. महागड्या वायरची भाषणं ऐकत उभा राहू नकोस. दोन्हीकडे पाच-पाच मीटर घे. लांबी सारखीच हवी असं काही नाही, पण उद्या शोकेस हलली तर तुटपुंजी नको. लाल टर्मिनल लालला, काळं काळ्याला, दोन्ही स्पीकरना. एकाचं उलटं झालं तर आवाज येतो, पण डग्गा गायब होतो.

महाजन (ए-४०१): वायर माझ्याकडे पडली आहे. साउंडबारबरोबर आली होती.

आपटे काका (ए-१०२): नको.