वाइनच्या बाटल्यांचं तापमानही सारखं हवं
दोन वाइनची चव ताडून पाहताना बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या की तुलना निःपक्ष होते, असं म्हणतात; ते अर्धंच पटलं. लेबल झाकलं जातं, पण तापमानाचं काय? घरचा फ्रीज ४-५ अंशांवर असतो. व्हाइट वाइनला ८ ते १२ अंश बरे. फार गार वाइनचा वास दबतो, गोडी कमी लागते, आंबटपणा तेवढा पुढे येतो. आमच्या मित्रमंडळीत नाशिकची सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां, अशा दोन व्हाइट वाइन चाखायला ठेवल्या होत्या. फ्रीजमधून काढल्या काढल्या दोन्ही सारख्याच वाटल्या. ग्लासात जरा वेळ राहू दिल्यावर एकीला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास सुटला (सोव्हिन्यों ओळखायची मोठी खूण), दुसरीला पिकल्या पेरूचा.

आणि गोडसर शेनिन शेवटी ठेवा. तिच्यामागून घेतलेली कोरडी (गोडी नसलेली) वाइन उगाच आंबट लागते.