पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसलं म्हणजे पैसे बुडाले का? (ऑनलाइन धागा, टोपणनावांनी)

वजाबाकी:
'पीएफ ट्रान्सफर केला तर नव्या पासबुकात पेन्शन शून्य! वर्षानुवर्षांची कपात गिळली, कोणीही ट्रान्सफर करू नका,' ही पोस्ट कालपासून फिरतेय आणि खाली रांगेने 'माझंही शून्य' चाललंय.

अहो, शून्यच दिसणार! पीएफ हा तुमच्या नावावरचा साठा, तो व्याजासकट नव्या खात्यात जातो. पेन्शनचा फंड सामायिक. तिथे रक्कम सरकत नाही, सेवेची वर्षं सरकतात. सूत्र काय? पेन्शनपात्र पगार गुणिले सेवा, भागिले ७०. यात जमा रक्कम येते कुठे?

तेव्हा पासबुक मिटा. पीएफ कार्यालयाच्या मेंबर पोर्टलवर 'व्ह्यू'मधली 'सर्व्हिस हिस्टरी' उघडा. प्रत्येक नोकरीपुढे ईपीएसची, म्हणजे पेन्शन योजनेची, रुजू तारीख, सोडल्याची तारीख आणि एनसीपी (बिनपगारी) दिवस बघा. घाबरायचंच असेल तर तिथला रकाना रिकामा दिसल्यावर घाबरा.

ताळेबंद:
पासबुक मिटा? कमाल आहे. चूक सापडते ती पासबुकातच. बेसिक ४०,००० असेल तर महिन्याला तीन आकडे हवेत: तुमचे ४,८००, कंपनीचे ३,५५०, पेन्शनचे १,२५०. कंपनीचे ४,८०० आणि पेन्शन ० दिसलं तर त्या महिन्यात तुम्ही पेन्शन योजनेत नाहीच. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा नोकरीला लागलेल्या, १५,००० च्या वर पगार असलेल्याचं हे बरोबर आहे. पण जुना ईपीएस सदस्य असेल, तर फॉर्म ११ (रुजू होतानाचं घोषणापत्र) भरताना 'आधी सदस्य होतात का'पुढे कोणीतरी 'नाही' केलंय. नवी कंपनी मग पेन्शन कापतच नाही.

वजाबाकी:
बरं, ट्रान्सफरची ओळ सोडून दर महिन्याच्या नोंदी बघा. 'मिटा' मागे घेतलं. झालं समाधान?

चहाटळ:
कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असेल तर ते पासबुक साइटवर दिसणारच नाही, हेही सांगा. नाहीतर उद्या 'पासबुकच गायब' अशी पोस्ट फिरेल.

पंधराहजारी:
तपासून दिवे काय लावणार? मूळ दुखणं पेन्शनपात्र पगाराची १५,००० ची मर्यादा. जन्मभर घासा, ३३ वर्षांवर २ बोनस वर्षं धरा: १५,००० × ३५ ÷ ७०, म्हणजे ७,५००. यात घरभाडं भागतं का?

काटेकोर:
तेवढेही मिळणार नाहीत. १ सप्टेंबर २०१४ आधीच्या सेवेला मर्यादा ६,५०० ची. ८ वर्षं आधीची, १० नंतरची धरा. पहिल्या तुकड्याचे ७४३, दुसऱ्याचे २,१४३, एकूण २,८८६. सरसकट १५,००० धरून लोक ३,८५७ काढतात आणि मग 'कमी दिली' म्हणून तक्रार करतात.

पंधराहजारी:
म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध केलंत. आभार!

काटेकोर:
तुमचं गणित दुरुस्त केलं, म्हणणं नाही.

पंधराहजारी:
किमान पेन्शन २०१४ पासून १,००० वर अडकलीय, त्यावर कोणी धागा काढत नाही. इथे रकाने मोजत बसलेत.

ताळेबंद:
रकाने मोजले नाहीत तर ते १,००० सुद्धा हातचे जातील. मासिक पेन्शनला १० वर्षं लागतात, साडेनऊ भरली तरी १० धरतात. आता ९ वर्षं ७ महिने सेवा आहे आणि कंपनीने दरमहाच्या ईसीआरमध्ये (पीएफ भरण्याच्या विवरणपत्रात) मिळून ४० एनसीपी दिवस टाकलेत. बिनपगारी रजेचे हे दिवस वजा होतात, सेवा साडेनऊच्या खाली येते आणि मासिक पेन्शन संपली. हजेरीपत्रक नि पगारपावती ताडून बघा. चुकीचे असतील तर दुरुस्ती कंपनीकडूनच होते. आणि मध्येच पेन्शनचे पैसे काढलेत तर तेवढी सेवा पुसली गेली असं समजा.

पंधराहजारी:
कंपनीने सोडल्याची तारीख भरलीच नाही तर? एचआरच्या पाया पडायचं?

वजाबाकी:
नाही. 'मॅनेज'मध्ये 'मार्क एक्झिट'. शेवटच्या भरण्याला दोन महिने होऊ द्या. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तारीख शेवटचा भरणा झालेल्या महिन्यातलीच चालते. रिलिव्हिंग लेटर समोर ठेवून टाका. ती नव्या नोकरीच्या रुजू तारखेच्या पुढे गेली तर दोन सेवा एकमेकींवर चढतात; २०२५ पर्यंत यावरून ट्रान्सफरच अडायचं. तारीख सुधारायला मग जॉइंट डिक्लेरेशनचे (तुम्ही आणि कंपनीने मिळून करायच्या अर्जाचे) हेलपाटे.

पंधराहजारी:
ठीक. तारीख भरतो. मर्यादेचा धागा वेगळा काढतोय. तिथे मात्र कॅल्क्युलेटर घेऊन येऊ नका.