मदत हवी आहे: बाबांची ब्रनो रायफल अमेरिकेत विकता येईल का?

मुलुंडकरीण

नमस्कार मंडळी. विषय जरा विचित्र आहे, पण इथे नेमबाज आहेत आणि कस्टममधून निवृत्त झालेलेही आहेत, म्हणून विचारते.

बाबा जानेवारीत गेले. त्यांच्याकडे पॉइंट टू टूची, म्हणजे ०.२२ इंची छोट्या काडतुसाची, ब्रनो मॉडेल २ रायफल होती. नळीवर 'मेड इन चेकोस्लोव्हाकिया' कोरलेलं आहे. १९६९ मध्ये फोर्टातल्या एका पारशी गृहस्थांकडून त्यांनी ती रीतसर परवान्यावर घेतली होती. वरळीच्या रेंजवर दर रविवारी जायचे. नंतर गुडघे गेले आणि रायफल कपाटात गेली. मग तिचं बाहेर येणं म्हणजे फक्त निवडणुका. आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. शिकार वगैरे कधीच नाही, त्यांना कोंबडीसुद्धा कापलेली बघवत नसे.

बाबा गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात रायफल एका परवानाधारक दुकानदाराकडे जमा केली, पावती आहे. तोच आता म्हणतो, "ताई, जुना माल आहे, कोण घेणार? १५ हजार देतो, विषय संपवा." वर दर महिन्याला ठेवणावळ लावतोय ती वेगळी.

माझा आतेभाऊ न्यू जर्सीत एडिसनला असतो. तो म्हणतो, "इथे जुन्या युरोपियन रायफली लोक हौसेनं घेतात. एका दुकानात तर भारतात बनलेली रायफलही पाहिली. पार्सल कर, मी विकून देतो." मला हे इतकं सोपं वाटत नाही. म्हणून विचारते:

रायफल परदेशी बनावटीची, मालक भारतीय आणि गिऱ्हाईक अमेरिकेतला साधा नागरिक. यात कायदा नेमका कुठे कुठे आडवा येतो? की दुकानदाराचे १५ हजार घेऊन मोकळं व्हावं?

आणखी एक. काल कपाट आवरताना चहाच्या जुन्या डब्यात काडतुसं सापडली. चाळीसेक असतील. त्यांचं काय करू?

खडूस_पार्लेकर

आतेभावाला सांगा, हा दिवाळीचा फराळ नाही.

नेमबाज_वरळी

ताई, आधी काडतुसांचं बघा, रायफलीचं नंतर. बाबांचा परवाना त्यांच्याबरोबर संपला. आज ती काडतुसं तुमच्या घरात विनापरवाना आहेत. उद्याच डबा पोलीस ठाण्यात किंवा त्याच दुकानदाराकडे जमा करा. बरोबर परवान्याची प्रत, मृत्यूचा दाखला आणि 'आवराआवर करताना सापडली' असा दोन ओळींचा अर्ज न्या. आधी ठाण्यात फोन करून ठेवलात तर बरं. मोजून द्या, पावतीवर आकडा लिहून घ्या. माळ्यावर टाकू नका, कचऱ्यात तर मुळीच नाही. पर्सच्या कप्प्यात विसरलेल्या एका काडतुसापायी लोकांवर विमानतळावर गुन्हे दाखल होतात. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बाळगण्याची शिक्षा किमान दोन वर्षांची आहे.

रायफल वेळेत जमा केलीत हे उत्तम केलंत. शस्त्र कायद्याचं कलम २१ तेच सांगतं. वारसाला जमा शस्त्र परत मिळवता येतं किंवा परवानाधारकाला विकता येतं, पण मुदतीत हालचाल केली नाही तर ते सरकारजमा होऊ शकतं. म्हणून झोपून राहू नका.

निवृत्त_कस्टमवाला

मी सहारच्या कार्गोत आणि बॅलार्ड इस्टेटला मिळून बरीच वर्षं काढली आहेत. तुमच्या भावाचं 'पार्सल कर' ऐकून जुने दिवस आठवले.

आपल्याकडची बाजू अशी. शस्त्र देशात आणणं आणि देशाबाहेर नेणं, दोन्हींना शस्त्र कायदा १९५९ च्या कलम १० प्रमाणे वेगळा परवाना लागतो. बाळगण्याचा परवाना हा निर्यातीचा परवाना नव्हे. लोक इथेच गल्लत करतात. त्याशिवाय परदेशी व्यापार महासंचालनालयाचं धोरण आहे आणि संवेदनशील मालाची 'स्कोमेट' यादी आहे. पाठवणारा कोण, घेणारा कोण, शेवटी वापरणार कोण, सगळं कागदावर दाखवावं लागतं. ही यंत्रणा कारखानदार आणि व्यापारी यांच्यासाठी घडवलेली आहे. मुलुंडच्या एका बाईंनी एक रायफल घेऊन या रांगेत उभं राहणं म्हणजे लोकलच्या पासावर मालगाडी मागण्यासारखं आहे. टपालाचा आणि कुरियरचा तर प्रश्नच येत नाही. शस्त्र 'घरगुती वस्तू' म्हणून पाठवलं तर ती थेट तस्करी झाली, आणि त्यात पहिलं नाव तुमचं असेल, भावाचं नाही.

जाता जाता: कुणाच्या घरी पणजोबांची ठासणीची बंदूक असेल तर तिचं प्रकरण आणखी निराळं. शंभर वर्षं उलटलेली कलाकुसरीची किंवा ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते, आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेताच येत नाही. तुमची ब्रनो त्या मानानं पोरगेलीच.

एडिसनचा_बापू

मीही न्यू जर्सीतच असतो, त्यामुळे इकडचं सांगतो. मुलुंडकरीणताई, तुमचा भाऊ अर्धं खरं बोलतोय. मालाला बंदी नाही, पण तो आणणारा माणूस ठरलेला आहे.

१९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टनं असं ठरवलं की परदेशी बंदूक इथे यायची तर ती 'स्पोर्टिंग पर्पज'साठी, म्हणजे खेळासाठी किंवा शिकारीसाठी योग्य हवी. १९८९ मध्ये याच शब्दांच्या जोरावर लष्करी धाटणीच्या सेमी ऑटोमॅटिक रायफलींची आयात थांबवली गेली. चिनी बनावटीच्या बहुतेक बंदुका १९९४ पासून बंद झाल्या. म्हणजे कुठं बनली हेही बघतात. तुमची रायफल चेक, बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीला हातानं खटका ओढायचा), पॉइंट टू टू. या चाळणीतून ती सहज पार होईल.

गोम पुढे आहे. तुमच्या भावाला ती स्वतः आयात करून विकता येणार नाही. सरकारी परवाना असलेला आयातदारच लागतो. तो एटीएफकडे, म्हणजे बंदुकांवर नजर ठेवणाऱ्या इथल्या केंद्रीय खात्याकडे, आयातीच्या परवानगीचा 'फॉर्म ६' भरणार, मंजुरी आल्यावर माल सुटताना 'फॉर्म ६ए'. मग आयातदाराचं नाव, गाव आणि राज्य धातूवर कोरायचं, निदान ०.००३ इंच खोल. हौशी संग्राहकाला ही कोरणी पाहिली की कपाळावर आठी पडते, किंमत तिथेच उतरते. आयात केलेल्या लांब नळीच्या बंदुकीवर ११ टक्के अबकारी कर आहे, तो आयातदार भरतो आणि अर्थात तुमच्याकडून वसूल करतो. त्यानंतर विक्री. न्यू जर्सीत रायफल घ्यायला गिऱ्हाइकाकडे पोलिसांनी दिलेलं खरेदीदार ओळखपत्र लागतं, आणि दुकानात पार्श्वभूमीची तपासणी होते ती वेगळी.

एवढं करून हातात काय? या जातीच्या चांगल्या रायफलीचे इथे काही शे डॉलर मिळतात. एका नगासाठी कुठलाही आयातदार एवढा घोळ अंगावर घेणार नाही.

भावानं पाहिलेली भारतीय रायफल बहुधा इशापूरच्या सरकारी कारखान्यातली २ए१ असावी. ६२ च्या युद्धानंतर ७.६२ मिमी काडतुसासाठी बनवलेली. ती घाऊक आयातदारांनी लॉटनं आणलेली आहे. कुणाच्या मामेबहिणीनं पाठवलेली नव्हे.

गिरगावचा_वकील

वरच्या तिघांचं म्हणणं बरोबर आहे. मी फक्त एक गोष्ट उलट्या बाजूनं दाखवतो.

ताई, तुम्ही धरून चाललात की परदेशी वस्तूला परदेशात जास्त भाव. इथे नेमकं उलटं आहे. सर्वसाधारण परवानाधारकाला परदेशी रायफल आयात करायला आपल्याकडे १९८० च्या दशकापासून बंदी आहे. दारं उघडी आहेत ती नामवंत आणि होतकरू नेमबाजांना, तीही अटींवर. त्यामुळे देशात ज्या जुन्या ब्रनो, वॉल्थर फिरतात त्या तेवढ्याच. नवीन येत नाहीत, जुन्या झिजतात. अमेरिकेत जी रायफल दुकानाच्या कोपऱ्यात उभी असते तिला इथे त्याच्या कितीतरी पट भाव मिळतो. चढा भाव हवा असेल तर तुमचं गिऱ्हाईक एडिसनला नाही, इथेच कुठेतरी ठाण्या-पुण्यात आहे.

दुकानदाराला हे ठाऊक नाही असं समजू नका. तो २०१९ ची दुरुस्ती पुढे करेल: 'आता एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, लोकांनी तिसरं विकायला काढलं, बाजार पडला.' पहिली दोन वाक्यं खरी आहेत. तिसरं त्याच्या सोयीचं आहे.

विकायची रीत अशी. घेणाऱ्याकडे वैध परवाना, त्यावर युनिक आयडी नंबर आणि पॉइंट टू टू रायफल घेण्याची नोंद हवी. मूळ प्रत डोळ्यांनी बघा, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो नाही. कलम ५ प्रमाणे विक्रीचा इरादा लेखी कळवायचा आणि कळवल्यावर ४५ दिवस थांबायचं. त्यात घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा. तुमच्याबाबतीत शस्त्र जमा आहे आणि तुम्ही वारस आहात, म्हणून आयुक्तालयातल्या परवाना शाखेकडून लेखी मंजुरी हातात आल्याशिवाय एक रुपयाही आगाऊ घेऊ नका.

दुसरा रस्ता म्हणजे शस्त्र नियम २०१६ चा नियम २५. वारस म्हणून तुम्ही स्वतः परवाना मागू शकता. बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला लागेल.

खडूस_पार्लेकर

वकीलसाहेब फुकट सल्ला देताहेत, धागा जपून ठेवा.

मुलुंडकरीण

सगळ्यांचे आभार. सकाळी पहिलं काम काडतुसांचं केलं. हवालदारांनी दोनदा मोजली, ४३ भरली. डब्यावर चहाच्या कंपनीचं नाव बघून ते हसले, मग डबा मला परत दिला.

आतेभावाला बापूंचा प्रतिसाद पाठवला. त्याचं उत्तर: "अगं, एवढं असतं होय." बारा वर्षं राहतोय तिथे.

नियम २५ चा विचार रात्रभर केला. बाबांनी मला आठवीत असताना एकदा रेंजवर नेलं होतं. खांद्याला टेकवून दिली आणि म्हणाले, श्वास अर्धा सोड आणि थांब. मला तेव्हा थांबताच आलं नाही. पण रायफल ठेवून मी करणार काय? दर निवडणुकीला ठाण्यात नेऊन आणणार? विकायचंच ठरवलंय. फक्त ती रेंजवर जाईल अशा माणसाला मिळावी.

नेमबाज_वरळी

मग दुकानदाराला 'नाही' कळवा आणि रायफल क्लबच्या सूचनाफलकावर चिठ्ठी लावा. ब्रनोवर हात बसवलेली पोरं पुढे स्पर्धेच्या महागड्या मॅच रायफलीवर गेलेली मी पाहिली आहेत. आमच्याकडे एक शाळामास्तर आहेत, परवान्यावर जागा रिकामी आहे, गेली दोन वर्षं हेच मॉडेल शोधताहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. भाव ठरवण्याआधी नळी आतून तपासून घ्या, गंज धरला असेल तर तेवढं कमी धरावं लागेल.

मुलुंडकरीण

व्यनि मिळाला, मास्तरांशी बोलले. त्यांनी किमतीच्या आधी विचारलं, "बाबा कुठलं तेल वापरायचे?"

वकीलसाहेब, ४५ दिवसांचं ते पत्र मराठीत दिलं तर चालेल ना?

गिरगावचा_वकील

चालेल. दोन प्रती न्या, एकीवर तारखेसकट शिक्का घ्या. दिवस त्या शिक्क्यापासून मोजा.