निक्सओएस: पुण्यात बसून कोल्हापूरचा घरचा सर्व्हर बदलताना बाहेर अडकू नये म्हणून काय करावं?

पंचगंगा_काठ
राजारामपुरीत घरी मिनी पीसी आहे, ८ जीबी रॅम. त्यावर निक्सओएस, म्हणजे एका सेटिंग फाइलीवरून उभी राहणारी लिनक्स. नेक्स्टक्लाउड (स्वतःचं फाइल-क्लाउड), पोस्टग्रेस (डेटाबेस), सगळं एकाच कॉन्फिगरेशन.निक्समध्ये. बदल पुण्याहून एसएसएचनं (दुरून लॉगिन करून) करायचे असतात. फायरवॉलची ओळ चुकली तर मशीनला स्क्रीन लावून बघणारं घरी कोणी नाही. शिवाय बूट पार्टिशन (मशीन सुरू होताना लागणाऱ्या फाइलींची जागा) १०० एमबीचंच, भरत आलंय.

शाहूपुरी_रूट
भावा, थेट 'स्विच' मारू नकोस, तो नवं कॉन्फिगरेशन लगेच लागू करून बूट मेन्यूतही टाकतो. टीमक्स (सर्व्हरवरच चालू राहणारं टर्मिनल) उघड, म्हणजे नेट तुटलं तरी काम मरत नाही. त्यात आधी 'निक्सओएस-रीबिल्ड बिल्ड' (फक्त तयार करतं, लागू करत नाही) उरकून घे, नाहीतर डाउनलोड चालू असतानाच खाली सांगितलेला रीबूट येईल. मग १५ मिनिटांनी रीबूट होईल असा शटडाउन लाव आणि 'टेस्ट' चालव. टेस्टनं नवं कॉन्फिगरेशन लगेच लागू होतं, पण बूट मेन्यूत जात नाही. बाहेर अडकलास तरी मशीन जुन्यावरच उठतं.

उघडं सेशन चालू आहे म्हणून फसू नकोस. फायरवॉल बदलला तरी जुनं कनेक्शन टिकून राहतं. दुसऱ्या टर्मिनलमधून नव्यानं लॉगिन करून बघ, तेही पहिल्या १० मिनिटांत. शेवटच्या ५ मिनिटांत रूट (मुख्य युजर) सोडून बाकीच्यांचं नवं लॉगिन बंद होऊ शकतं. जमलं की शटडाउन रद्द कर, मग स्विच.

मंगळवार_पेठ
बूटमध्ये प्रत्येक वेगळ्या कर्नलची (लिनक्सचा गाभा) आणि इनिटआरडीची (सुरू होताना लागणारी छोटी फाइल सिस्टिम) प्रत पडून राहते. सिस्टिमडी-बूट (बूट मेन्यू दाखवणारा प्रोग्रॅम) असेल तर कॉन्फिगरेशनलिमिट, म्हणजे मेन्यूत किती कॉन्फिगरेशनं ठेवायची ती मर्यादा, २ ठेव. जुन्या जनरेशन (आधीची साठवलेली कॉन्फिगरेशनं) काढल्यावर 'निक्सओएस-रीबिल्ड बूट' चालव, त्याशिवाय तिथल्या फाइली जात नाहीत. आणि पावसाळ्याआधी बायोसमध्ये लाईट आल्यावर आपोआप चालू होण्याचं सेटिंग लाव.

रंकाळा_बॅकअप
रोलबॅकनं (जुन्या जनरेशनवर परत गेल्यानं) प्रोग्रॅम आणि सेटिंग मागं जातात, डेटा नाही. नेक्स्टक्लाउडची मेजर आवृत्ती वाढली की डेटाबेस बदलतो, मग जुनं नेक्स्टक्लाउड त्यावर चालत नाही. अपग्रेडआधी पीजी-डंप (पोस्टग्रेसच्या डेटाची प्रत) घे, दुसऱ्या डिस्कवर ठेव. कॉन्फिगरेशनमधल्या स्टेटव्हर्जनला (पहिल्या इन्स्टॉलची आवृत्ती सांगणारी ओळ) हात लावू नकोस: पोस्टग्रेसची डीफॉल्ट आवृत्ती त्यावरून ठरते, वाढवलंस तर नव्या फोल्डरमध्ये रिकामा डेटाबेस उघडेल. जुना डेटा शेजारीच असतो, पण बघणाऱ्याला सगळं गेल्यासारखं वाटतं.

पासवर्ड कॉन्फिगरेशनमध्ये नकोच. निक्स स्टोअर (प्रोग्रॅम आणि तयार सेटिंग जिथं राहतात ते फोल्डर) मशीनवरच्या कुठल्याही युजरला वाचता येतं. वेगळ्या फाइलीत ठेव, परवानगी ४०० (फक्त मालकाला वाचता येईल), आणि तिचा पाथ अवतरणचिन्हांत लिही. उघडा लिहिलास तर फाईलच स्टोअरमध्ये कॉपी होऊ शकते.