कॅलिफोर्नियाला गेली ती गाडी ही नव्हे (घरच्या ग्रुपवरून)

*सुनीता आत्या:* कौस्तुभ, म्युझियमचे फोटो पाहिले. केवढी मोठी घोडागाडी! यातच बसून अमेरिकेतली माणसं पूर्वी वस्ती करायला कॅलिफोर्नियाला गेली ना?

*कौस्तुभ:* नाही गं आत्या, इथेच सगळ्यांची गल्लत होते. ही कोनेस्टोगा. आमच्या पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर भागातल्या जर्मन शेतकऱ्यांनी १८व्या शतकात घडवलेली मालगाडी, म्हणजे तेव्हाचा ट्रकच. पीठ, व्हिस्की, तंबाखू भरून फिलाडेल्फियाला जायचं, येताना मीठ, कापड, अवजारं आणायची. चार ते सहा घोडे.

*प्रकाशकाका:* तळ मधोमध खाली गेलाय, दोन्ही टोकं वर. मुद्दाम केलंय का?

*कौस्तुभ:* हो काका, मुद्दाम. अ‍ॅलेघनी डोंगर ओलांडताना चढ-उतारावर माल घसरून मागच्या-पुढच्या फळीवर रेटू नये, मधेच बसावा म्हणून.

*सुनीता आत्या:* गाडीवान कुठे बसायचा? जागाच दिसत नाही.

*कौस्तुभ:* नाहीच आहे! तो गाडीच्या डावीकडून पायी चालायचा, नाहीतर चाकाजवळच्या डाव्या घोड्यावर बसायचा. अगदीच दमला तर गाडीखालून एक फळी बाहेर ओढून तिच्यावर टेकायचा. गाडीवान डावीकडे असला की समोरून येणारी गाडी त्याला जवळून दिसते. अमेरिकेत रस्त्याच्या उजव्या बाजूने जायची पद्धत पडली, त्याचं हेही एक कारण सांगतात.

*रश्मी:* आत्या, मला घंटा फार आवडल्या. घोड्याच्या खांद्यावर लोखंडी कमान आणि तिच्यात ओळीने घंटा. गाडी चिखलात रुतली आणि दुसऱ्याने ओढून काढली, की आपल्या घंटा त्याला द्यायच्या अशी रीत होती. त्यामुळे घंटा वाजवत घरी पोचणं मोठ्या मानाचं.

*प्रकाशकाका:* मग कॅलिफोर्नियाची गाडी कोणती?

*कौस्तुभ:* ती बरीच लहान. सपाट तळ, साधारण १० फूट लांब, ४ फूट रुंद, वर जवसाचं तेल लावलेलं कापड. पश्चिमेकडे जायची ती वाट जवळजवळ २,००० मैल, चार-सहा महिन्यांची. कोनेस्टोगा तिथे जडच पडली असती. आणि काका, त्या वाटेवर घोड्यांपेक्षा बैल आणि खेचरंच जास्त जुंपत.

*प्रकाशकाका:* बैलच पाहिजे. घोडा दाण्याशिवाय टिकत नाही, बैल वाटेतल्या गवतावर निभावून नेतो.

*सुनीता आत्या:* म्हणजे घोडे नाहीत, तरी माणसं आत बसायची ना?

*रश्मी:* फारशी नाहीच. आत पीठ, बेकन, बियाणं, अवजारं ठासलेली आणि गाडीला स्प्रिंग नाहीत. आजारी आणि लहानगी तेवढी आत, बाकी सगळी पायी. गरोदर बायकासुद्धा. कितीतरी मुलं वाटेतच जन्मली.

*सुनीता आत्या:* अगं बाई! सिनेमात तर सगळ्या बायका झालरीचे कपडे घालून पुढे बसलेल्या असतात.

*मंदार (लीड्स):* आत बसून राहायची गाडी इकडे इंग्लंडमध्ये आहे, रोमा (जिप्सी) लोकांची. दर जूनमध्ये अ‍ॅपलबीच्या घोडेबाजारात दिसतात. एकच घोडा, गोल कमानीचं छत, आत पलंग आणि शेगडी, धुराडं छतातून बाहेर. लाकडावर नक्षी, रंगकाम बघत राहावं असं.

*प्रकाशकाका:* कौस्तुभ, आसाला वंगण कसलं?

*कौस्तुभ:* पाइनच्या झाडाचं डांबर आणि चरबी. गाडीमागे त्याची बादली टांगलेली असायची.

*प्रकाशकाका:* आपल्याकडेही गाडीला वंगणाचा नळा असायचाच. पुढच्या वेळी चाकाचा जवळून फोटो काढ. लोखंडी धाव कशी चढवलीय आणि आरे किती, ते बघायचंय.