प्रॉग रॉकमध्ये पियानो नुसता दारापुरता, पियानोचा अल्बम ऐकायचा तर जाझच

गोदाकाठ (नांदेड)
सरळच बोलतो. प्रॉग म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक. 'पियानोप्रधान प्रॉग' म्हणून ज्या याद्या फिरतात, त्यातल्या निम्म्या गाण्यांत पियानो मिनिटभर वाजतो. मग हॅमंड ऑर्गन, सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड), गिटार येतात आणि पियानो कुठं गेला ते शोधत बसा. जेनेसिस या प्रॉग बँडचं 'फर्थ ऑफ फिफ्थ' (1973) घ्या. टोनी बँक्सनं पियानोवर वाजवलेली सुरुवात अशी, की मात्रा मोजायला जावं तर बोटं हमखास चुकतात. पुढं तीच धून सिंथवर येते आणि लोकांच्या डोक्यात राहतं ते स्टीव्ह हॅकेटचं गिटार. 1977 च्या 'सेकंड्स आउट' या लाइव्ह अल्बमात तर ती सुरुवात उडवूनच टाकली. जे उडवलं तरी गाणं उभं राहतं, त्याला गाण्याचा म्होरक्या कसं म्हणायचं?

आता जाझ पियानोवादक बिल एव्हान्स ऐका. 25 जून 1961, रविवार, न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब. एका दिवसात पाच सेट. मागं ग्लास वाजतायत, लोक गप्पा हाणतायत. एव्हान्स आवाज चढवत नाही. दोन सूर ठेवतो, थांबतो, आणि त्या मोकळ्या जागेत स्कॉट लाफारोचा बास शिरतो. पुढारपण ते हे.

नऊमात्रा (छत्रपती संभाजीनगर)
दादा, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात. त्या रविवारनंतर 11 दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेला, म्हणून त्या दिवसाच्या रेकॉर्डिंगमधून निघालेल्या पहिल्या अल्बमसाठी त्याचा बास उठून दिसेल असेच तुकडे निवडले गेले. सुरुवात त्याच्या रचनेनं, शेवटही त्याच्याच रचनेनं. नाव एव्हान्सचं, अल्बम बासचा! तुमचीच फूटपट्टी लावली तर तोही बाद.

आणि इमर्सन, लेक अँड पामर या प्रॉग बँडच्या 1970 च्या पहिल्या अल्बममधलं 'टेक अ पेबल' विसरलात का? बारा मिनिटांच्या वर आहे. कीथ इमर्सन पियानोच्या पोटात हात घालून तारा छेडतो. हेडफोन लावा, मग कळेल.

शिवाय अडचण काय होती तेही बघा. रॉकच्या स्टेजवर शेजारी ड्रम, मागं अँप्लिफायरच्या भिंती. तिथं ग्रँड पियानोला माइक लावला की पियानोआधी ड्रमच ऐकू येणार, नाहीतर शिट्टी. वर तो गावोगाव न्यायचा, दरवेळी सुरात आणायचा. बँक्सनं ती सुरुवात हौस म्हणून नाही सोडली. इलेक्ट्रिक पियानोवर तो बोटांचा दाब उमटत नव्हता.

गोदाकाठ
'टेक अ पेबल'वर माझं भांडण नाहीच. त्यात पियानो पुढं आला की ते तिघं चक्क जाझ ट्रिओ (तिघांचा जाझ संच) होतात, म्हणजे माझंच म्हणणं. अडचण खरी असेल, पण ऐकणाऱ्याच्या कानात शेवटी काय पडतं? जाझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेकनं 'टाइम आउट' अल्बममध्ये (1959) नऊ मात्रा दोन-दोन-दोन-तीन अशा तोडल्या. तीच चीज इमर्सननं 'द नाइस' बँडमध्ये उचलली, चार मात्रांत सपाट केली आणि वाजवली ऑर्गनवर. 1974 मध्ये कॅलिफोर्निया जॅम या रॉक महोत्सवात तर पियानो माणसासकट हवेत गरगर फिरवला. हे वादन झालं की जत्रेतला आकाशपाळणा?

पायपेटी (परभणी)
तुमी दोघं बी मोठ्या शहरातल्या बैठकीत बसल्यावानी भांडू लाले राव. मी पेटीवाला माणूस, सप्त्यात साथीला बसतो. माझा डावा हात जन्मभर भात्यात अडकलेला. म्हणून पियानो ऐकताना मी आधी डावा हातच ऐकतो.

जाझ पियानोवाला कीथ जॅरेटचं कोल्न बघा, जर्मनीतल्या कोल्न शहरातली त्याची एकट्याची मैफल, 24 जानेवारी 1975. मागितला होता तो मोठा पियानो आलाच नाही. मिळाला तो छोटा, पेडल नीट चालंनात, खर्ज पोकळ, वरचे सूर पत्र्यावानी. मग गडी मधल्या पट्टीत राहिला अन् डाव्या हातानं एकच ठेका गिरवत बसला. पहिल्या भागात दोनच कॉर्डवर बारा मिनिटांच्या आसपास काढलीत. आमच्याकडं अभंगाचं ध्रुवपद टाळकरी उचलून धरतात, बुवा वर फिरतो, तसंच. इथं टाळकरी बी तोच, बुवा बी तोच. हे प्रॉगवाल्यांकडं नाही. त्यांना दर दोन मिनटाला नवीन काहीतरी पायजे.

नऊमात्रा
काका, पायपेटीला दोन्ही हात मोकळे असतात, आणि नाव तर तेच लावलंय तुम्ही! 😄
कोल्नबद्दल मात्र खरं सांगू? बारा मिनिटं दोन कॉर्ड म्हणजे मला कंटाळा येतो. पियानोच्या अडचणीची गोष्ट माहीत नसती तर इतकं डोक्यावर घेतलं असतं का लोकांनी?

पायपेटी
पायपेटी आजोबाची, माळ्यावर पडून हाय. सप्त्यात कोण उचलून नेणार ती.
अन् मी कोल्न आधी ऐकलं, गोष्ट मागाहून कळली. कंटाळा तुमच्या कानाला, त्याच्या हाताला नाही.

नऊमात्रा
बरं, आकाशपाळणा म्हणणाऱ्यांसाठी शेवटचं. 1977 चा 'वर्क्स व्हॉल्यूम 1'. त्यात इमर्सनचा पियानो कन्चेर्टो (पियानो अन् वाद्यवृंदाची मोठी रचना) आहे, लंडन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदासोबत. एलपीची अख्खी एक बाजू. गिटार नाही, गाणं नाही. इथं पियानो दारापुरता आहे का, सांगा.

गोदाकाठ
पण त्याला रॉक म्हणायचं का?

नऊमात्रा
घ्या! पियानो पुढं आला की कधी ते जाझ, कधी रॉकच नाही. मग प्रॉगच्या वाट्याला उरणार काय, ऑर्गनच ना?